कसब कोणाचे?

लहान कारखानदाराच्या तोंडी हल्ली एक तक्रार हमखास असते. मुलाला सी.एन.सी. यंत्र शिकवले, त्याचा हात बसला आणि दोन-तीन हजार रुपये जास्त मिळताच तो मोठ्या कंपनीत निघून गेला! वसई पूर्वेचे गाळे असोत, भोसरी असो की कोल्हापूरजवळचे शिरोली, गाऱ्हाणे तेच. त्यात तथ्य नाही असे नव्हे. दहा-बारा माणसांच्या कारखान्यात एक कारागीर उठून गेला की यंत्र थांबते. त्या यंत्राच्या कर्जाचा हप्ता मात्र थांबत नाही. म्हणून काही मालक शिकवायचेच टाळतात, तर काही जण मुलांची मूळ प्रमाणपत्रे कपाटात अडकवून ठेवतात. हे ओलीस ठेवणेच झाले. माणसाला कायदेशीर धंदा करण्यापासून रोखणारा करार १८७२च्या करार कायद्याचे २७वे कलमही मानीत नाही. शिवाय आजचे कित्येक गाळेमालक एकेकाळी दुसऱ्याच्या लेथवर हात बसवूनच बाहेर पडले होते, हे ते सोयीस्करपणे विसरतात.

या व्यवहाराची दुसरी बाजू मात्र क्वचितच बोलली जाते. तीस वर्षे लेथवर उभा राहिलेला टर्नर कातण्याच्या आवाजावरून हत्याराची धार गेल्याचे ओळखतो. नवे यंत्र येते तेव्हा कोणत्या धातूला किती वेग द्यावा, एका वेळी किती कातावे, हे त्यालाच विचारून संगणकात भरले जाते. पुढे त्याला घरी बसविले तरी त्याचे ज्ञान कारखान्यातच राहते. तरुण ज्ञान घेऊन गेला तर ती कृतघ्नता आणि वृद्धाचे ज्ञान ठेवून घेतले तर ते आधुनिकीकरण, हा कोणता न्याय?

पर्यावरणाचा हिशेबही आता दाराशी आला आहे. युरोपीय संघाने आयात होणाऱ्या पोलादी मालाच्या कार्बनची माहिती ऑक्टोबर २०२३पासून मागितली आणि जानेवारी २०२६पासूनच्या आयातीवर आकार ठरविला. त्यातून नट-बोल्टही सुटले नाहीत. मालक सल्लागार बोलावतो. पण जेवणाच्या सुट्टीत यंत्रे थांबली की दाबाची हवा कोणत्या जोडातून फुसफुसते, हे हेल्परला पाठ असते. निगा नसलेल्या कारखान्यात कॉम्प्रेसरची वीस-तीस टक्के हवा अशी वाया जाऊ शकते, आणि तिच्याबरोबर वीजही. हेल्परला मात्र कोणी विचारीत नाही.

शिकाऊ उमेदवाराच्या विद्यावेतनातील २५ टक्के, महिना १५०० रुपयांपर्यंत, वाटा उचलण्याची योजना केंद्र सरकारने २०१६ साली आणली. ती उपयोगी खरीच. पण शिकविणाऱ्याचे काय? माझ्या मते टर्नरला त्या नव्या यंत्रापाशी शिक्षक म्हणून, वेगळे मानधन देऊन, बसवावे. वाचलेल्या विजेच्या पैशांतला काही भाग गळती दाखविणाऱ्याच्या हाती पडावा. एवढे करूनही एखादा मुलगा जाईलच. त्याची प्रमाणपत्रे आणि उरलेला पगार त्याच दिवशी त्याच्या हातात ठेवावा.