आजचा श्लोक: गीता ५.१८

ब्राह्मण, गाय, हत्ती, कुत्रा, सगळ्यांत ज्ञानी एकच पाहतो, असं हा श्लोक सांगतो.

परवा आमच्या गेटवरचा कुत्रा दुसरीतल्या एका पोराच्या पोटरीला चावला. त्याला रोज बिस्किटं मीच घालायचो. जखम १५ मिनिटं साबणाने धुतली, इंजेक्शनं सुरू झाली. पोराची आई एवढंच म्हणाली, "दादा, त्याला लस दिली होती का?"

नव्हती. नसबंदीसाठी महापालिकेला साधा फोनही केला नव्हता मी.

नामदेव महाराज तुपाची वाटी घेऊन कुत्र्यामागे धावले, ही माझी लाडकी गोष्ट. मी मात्र बिस्किटं टाकून लिफ्टने वर जायचो. कुत्र्यात विठ्ठल दिसतो म्हणे मला. मग खाली खेळणाऱ्या पोरात का नाही दिसला?

आज फोन केला. संध्याकाळी त्या आईकडे जायचंय, आणि काय बोलायचं ते अजून सुचत नाहीये.