परग्रहवासीयांची भाषा आणि अन्यत्वाचा प्रश्न

विज्ञानपटातील परग्रहवासीयाच्या तोंडी कोणती भाषा घालावी, हा प्रश्न वरकरणी तांत्रिक वाटतो; वस्तुतः तो नैतिक आहे. ‘स्टार वॉर्स’ (१९७७) या चित्रपटातील ग्रीडो या पात्राची बोली ध्वनिरचनाकार बेन बर्ट यांनी अँडीज पर्वतप्रदेशातील क्वेचुआ या जिवंत भाषेच्या नादावरून घडविली. लक्षावधी माणसांच्या बोलण्याचा येथे केवळ ध्वनी उरला. अर्थ पडद्यावरील इंग्रजी उपशीर्षकांनी पुरविला. याउलट ‘स्टार ट्रेक’ मालिकेतील तिसऱ्या चित्रपटासाठी (१९८४) भाषावैज्ञानिक मार्क ओक्रांड यांनी क्लिंगॉन भाषेला शब्दसंग्रह आणि व्याकरण दिले; कर्म-क्रियापद-कर्ता असा विरळा पदक्रम मुद्दाम योजला. ही भाषा परकी आहे, पण निरर्थक नाही. ती शिकता येते. अर्थात, कंठ्य ध्वनींची योजना करून युद्धखोर स्वभाव सुचविण्याचा जुना पूर्वग्रह तिच्यातही आहेच. तथापि काल्पनिक योद्ध्यांना अर्थपूर्ण वाणीचा अधिकार मिळावा आणि तो प्रत्यक्षातील क्वेचुआभाषकांना नाकारला जावा, ही विसंगती दृष्टीआड करता येत नाही. म्हणूनच कल्पित भाषेची सुसंगती तपासणाऱ्या समीक्षेने तिचे ध्वनी कोणाच्या मुखातून उचलले आहेत, हेही विचारले पाहिजे.