पायाखालची पवनी

गोंदिया हे रेल्वेने वाढवलेलं गाव. रूळ आले, त्यामागून धानाचा आणि विडीचा व्यापार वाढला, राईस मिल उभ्या राहिल्या. देवळं, मशिदी, शाळा जागा मिळेल तशा बसत गेल्या. त्यामुळे इथे पायी फिरायला निघालेला माणूस जेमतेम सव्वाशे-दीडशे वर्षं मागे जातो आणि पुन्हा रुळापाशीच येतो. जुनं शहर पालथं घालण्याची हौस असेल तर वैनगंगेच्या काठाने खाली पवनीला जावं लागतं. 1 मे 1999 रोजी गोंदिया जिल्हा वेगळा निघाला. त्याआधी आम्ही भंडारा जिल्ह्यातच होतो, तेव्हा पवनीला आपलं म्हणायला हरकत नसावी.

जाणं मात्र सरळ नाही. भंडारा रोडला उतरायचं (स्टेशनच्या नावाला ‘रोड’ लागलं की गाव लांब आहे, हे रेल्वेने आपल्याला फार पूर्वी शिकवलंय), भंडारा गाठायचं आणि अड्याळवरून जाणारी एसटी धरायची. पवनीच्या स्टँडवर चहावाल्याने विचारलं, “कुठचे जी?” गोंदियाचे म्हटल्यावर त्याचा दुसरा प्रश्न तयारच होता, “वाघ पाहाले आले का?”

त्याचं काही चुकलं नव्हतं. पवनीचं नाव आज बाहेरच्यांना माहीत आहे ते उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यामुळे. पर्यटक गेटवर उतरतात, जिप्सीत बसतात, वाघ दिसला तर आनंदात आणि नाही दिसला तर कुरकुरत नागपूरला परततात. गावात कोण कशाला शिरेल? गंमत अशी की ज्या जय नावाच्या वाघाने या जंगलाला प्रसिद्धी दिली तो मूळचा आमच्या नागझिऱ्याचा. 2013 साली शेतं, नाले, रस्ते ओलांडत तो इथवर आला आणि 2016 मध्ये बेपत्ता झाला. आमच्या बाजूने या मुलखात पायी आलेला अलीकडचा सर्वांत नामांकित प्रवासी तोच.

माणसांनी पायी फिरून गावं टिपून ठेवण्याची रीत मराठीत तशी जुनी आहे. महानुभावांची ‘स्थानपोथी’ काढून पाहा. चक्रधरस्वामी कुठल्या गावी कुठल्या देवळात राहिले, ते देऊळ गावाच्या कोणत्या दिशेला, त्याचं दार कुणीकडे, हे सगळं त्यात नोंदलेलं आहे. नंतर येणाऱ्या भक्ताने चालत यावं आणि नेमक्या जागी डोकं टेकवावं, एवढाच हेतू. लिहिणाऱ्याला देवळाच्या शिल्पकलेशी फारसं देणंघेणं नाही. त्याचा सगळा जीव जागेवर. पवनीत फिरताना मला ही पोथी वारंवार आठवली, कारण इथे पाहण्यासारखं पुष्कळसं नाहीसं झालंय किंवा हलवलंय. जागा मात्र जिथल्या तिथे आहे.

तीन बाजूंना तट आणि खंदक, चौथ्या बाजूला नदी, अशी या गावाची रचना. दगडी दरवाजातून आत आलं की वाट अंग चोरत घाटाकडे उतरते. कधीकाळी इथले कोष्टी बारीक सुताच्या रेशीमकाठी कापडासाठी नावाजलेले होते. देवळांची तर गणतीच नको. विदर्भातल्या अष्टविनायकांपैकी एक पवनीत आहे, आणि घाट-देवळांमुळे लोक गावाला विदर्भाची काशी म्हणतात. घाटावर उभं राहिलं की नदी अपेक्षेपेक्षा रुंद आणि सुस्त वाटते. जवळच गोसेखुर्दचं धरण आहे, 1988 साली पायाभरणी झालेलं. त्याने वैनगंगेची चालच बदलून टाकली.

पण पवनीतली सर्वांत मोठी वास्तू यांपैकी कुठलीच नाही. तिच्यावरून आपण चालून जातो आणि पायांना पत्ता लागत नाही. जगन्नाथ टेकडी म्हणून जो उंचवटा लोक दाखवतात तिथे 1969-70 मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी मिळून उत्खनन केलं. शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांचा त्यावरचा अहवाल 1972 साली निघाला. टेकडीच्या पोटातून बाहेर आला मौर्य-शुंग काळातला विटांचा स्तूप. सांचीच्या मोठ्या स्तूपाचा व्यास साधारण साडेछत्तीस मीटर. पवनीचा त्याहून जास्त भरला. कठड्याच्या खांबांवर ब्राह्मी लेख होते, दान देणाऱ्यांची नावं होती. त्यांत विसमिता नावाची एक बाई आहे. तिने दिलेलं दान सर्व जिवांच्या सुखासाठी असो, एवढंच तिने कोरून घेतलंय. दोन हजार वर्षांपूर्वी वैनगंगेकाठच्या एका बाईने पदरचे पैसे खर्चून दगडावर काय लिहून घ्यावं, याचा विचार करत मी त्या टेकडीवर बराच वेळ रेंगाळलो. स्वतःसाठी मागणारी भक्ती आपण रोज पाहतो. इथे नवस नाही, मुलाबाळांचं नाव नाही.

पवनीच्या उत्खननाच्याच सुमारास इंग्लंडमध्ये विंचेस्टर या कॅथेड्रलच्या गावी असंच उत्खनन चालू होतं. तेही नदीकाठचं, तटाचं, दरवाजांचं गाव. तिथलं आजचं कॅथेड्रल 1079 मध्ये बांधायला घेतलं आणि ते उभं राहताना शेजारचं त्याहून जुनं चर्च पाडलं. 1960च्या दशकात त्या पाडलेल्या चर्चचा पाया सापडला. विंचेस्टरवाल्यांनी मग एक साधी गोष्ट केली. खड्डे बुजवले आणि जुन्या चर्चची बाह्यरेषा हिरवळीत विटांनी आखून ठेवली. मी तिथे गेलेलो नाही, पण फोटोत ती रेषा पाहिली आहे. मूल तिच्यावरून तोल सावरत चालू शकतं. कॅथेड्रल सांभाळण्यासाठी त्या लोकांनी काय काय केलं हे वाचताना थक्क व्हायला होतं. पाया खचू लागला तेव्हा 1906 ते 1911 अशी पाच-सहा वर्षं विल्यम वॉकर नावाचा पाणबुड्या खालच्या काळ्याकुट्ट पाण्यात उतरून काँक्रीटच्या गोण्या रचत होता. तरी मला हेवा वाटतो तो विटांच्या रेषेचा. तिला किती खर्च आला असेल?

पवनीतही अशी रेषा आखावी, हे सुचायला फार अक्कल लागत नाही. अडचण पैशांची नाहीच. विंचेस्टरचं जुनं चर्च आणि नवं कॅथेड्रल एकाच घरातली दोन माणसं होती. रेषा ओढल्याने कुणाचं काही जात नव्हतं. पवनीत एका उंचवट्याचं नाव जगन्नाथ, दुसऱ्याचं सुलेमान, तिसऱ्याचं हरदोलाला. ज्याला जी टेकडी जवळची त्याने तिला आपलं नाव दिलं आणि खाली काय आहे याची चौकशी केली नाही. त्या बेफिकिरीतच बरंचसं वाचलं, असं माझं मत आहे. वर देव आहे म्हटल्यावर टेकडीला कुदळ लावायला हात धजत नाही. आणि 1956 नंतर, नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर, या मुलखात असे लाखो लोक आहेत ज्यांच्यासाठी तो स्तूप पुरातत्त्वाचा विषय उरलेला नाही. पवनीजवळ रुयाडला नवा महास्तूप उभा राहिलाच आहे. तिथे गर्दी होते, आणि व्हावी. पण मूळ वर्तुळ दाखवणारी विटांची ओळ टाकली की ती नुसती माहिती राहत नाही, काहींना ती दाव्यासारखी वाटणार. सरकारी खात्यांना हे बरोबर कळतं. म्हणून कुंपण आणि निळा फलक यापलीकडे सहसा कुणी जात नाही. पवनीचे काही लेख नागपूरच्या अजब बंगल्यात, म्हणजे तिथल्या संग्रहालयात, पोहोचले. तिथे ते सुरक्षित आहेत हे खरं. पण काचेपलीकडच्या दगडापर्यंत पवनीचं शाळकरी पोर कधी पोचणार?

तरीही मी रेषेच्याच बाजूचा आहे. भांडणाच्या भीतीने जागा मुकी ठेवली की तिच्याबद्दल कुणीही काहीही सांगू शकतं, आणि हल्ली सांगणारे कमी नाहीत. फलकावर टेकडीचं आजचं नाव खोडू नये. जगन्नाथ टेकडी म्हणावं, सुलेमान टेकडी म्हणावं, त्या नावांनाही आता वय झालंय. खाली स्तूपाचा काळ आणि व्यास द्यावा. आणि विसमितेचं नाव मोठ्या अक्षरात मराठीत लिहावं, तिने काय मागितलं तेही. त्या मागण्याला जगन्नाथाच्या पुजाऱ्याने हरकत घेतली, तर ती ऐकायला मी पुन्हा अड्याळवरून एसटीने यायला तयार आहे.