न झालेली सही

ऑगस्ट १८३९. मुंबईचे गव्हर्नर सर जेम्स कारनॅक स्वतः साताऱ्यात आले होते आणि छत्रपती प्रतापसिंह महाराजांपुढे एक कागद ठेवला गेला होता. आपण तह मोडला, कंपनी सरकारविरुद्ध कारस्थान केले, एवढे कबूल करून सही करायची. मग गादी राहील, मागचे सारे माफ. महाराजांनी सही केली नाही. राज्य गेले तरी चालेल, पण न केलेला गुन्हा पदरात घेणार नाही, ही त्यांची भूमिका अखेरपर्यंत हलली नाही.

पुरावा पक्का होता, तर सही कशाला हवी होती?

त्या पुराव्याची कथा तीन वर्षे आधी सुरू होते. ऑक्टोबर १८३६ मध्ये साताऱ्यात गुप्त चौकशी समिती बसली. महाराजांनी २३ व्या पलटणीतल्या देशी सुभेदारांना फितवण्याचा प्रयत्न केला, हा आरोप. समितीत तिघेजण: मुंबई सरकारचे सचिव विलोबी आणि लॉडविक व ओव्हान्स हे दोन लष्करी अधिकारी. लॉडविक त्या वेळी साताऱ्याचे रेसिडेंट, म्हणजे दरबारातले कंपनीचे प्रतिनिधीही होते. ज्यांच्यावर आरोप, त्यांना साक्षीदारांची उलटतपासणी घेता आली नाही. जबान्यांच्या नकला महाराज मागत राहिले, त्या मिळाल्या नाहीत.

पुढच्याच वर्षी लॉडविक यांच्या जागी ओव्हान्स रेसिडेंट झाले. काल निवाड्याला बसलेला माणूस आज पुरावे जमवू लागला, आणि आरोप वाढत गेले: गोव्याच्या पोर्तुगीजांशी संधान, नागपूरच्या पदच्युत आप्पासाहेब भोसल्यांशी संधान. दिवाण गोविंदरावांच्या आई गिरजाबाई यांच्या नावाने महाराजांना गोवणारा एक अर्ज पुढे आला. तो आपणच लिहिला, असे नंतर भलत्याच माणसाने सांगितले.

खरे दुखणे वेगळे होते. १८१९ च्या तहाने महाराजांच्या छत्राखाली आलेल्या जहागिरी, त्यांत आज सांगली जिल्ह्यात असलेली डफळ्यांची जतही होती, त्यांवर हक्क कोणाचा, या वादात महाराज तहाच्या शब्दांवर बोट ठेवून उभे होते. कंपनीच्या लंडनमधल्या संचालकांनी महाराजांच्या कारभाराची स्तुती करणारे पत्र आणि मानाची तलवार पाठवली, तर मुंबई सरकारने ती त्यांच्यापर्यंत पोचूच दिली नाही.

५ सप्टेंबर १८३९ च्या पहाटेच्या सुमारास फौज आणून महाराजांना राजवाड्यातून नेले. धाकटे बंधू शहाजी ऊर्फ आप्पासाहेब गादीवर बसले. महाराजांची रवानगी काशीला झाली आणि १८४७ मध्ये तिथेच त्यांचे देहावसान झाले. वर्षभरात आप्पासाहेबही वारले, आणि गव्हर्नर जनरल डलहौसीने सातारा खालसा केला.

या प्रकरणात लॉडविक यांच्याकडे पुनःपुन्हा लक्ष जाते. समितीच्या अहवालावर त्यांची सही होती. इंग्लंडला परतल्यावर मात्र त्यांनी उघडपणे महाराजांची बाजू घेतली. आपल्याच निवाड्याविरुद्ध बोलायला धैर्य लागते आणि त्याबद्दल त्यांना मान द्यायलाच हवा. पण तोवर राज्य गेले होते. ज्याच्या हातात अधिकार होता त्याने सही केली, आणि ज्याचे सर्वस्व पणाला लागले होते त्याने ती नाकारली.

महाराजांचे वकील रंगो बापूजी गुप्ते लंडनमध्ये जवळजवळ चौदा वर्षे दारोदार फिरले. गुलामगिरीविरुद्ध लढलेले जॉर्ज थॉम्प्सन यांच्यासारखे वक्ते त्यांच्या बाजूने उभे राहिले, तरी निकाल बदलला नाही.

न्याय्य चौकशीचा प्रश्न इथे आजही येतो, कारण सातारा-सांगली हा सैनिकांचा मुलूख आहे. अपशिंगे मिलिटरी या गावचा एखादा हवालदार किंवा जत तालुक्यातला जवान आज कोर्ट ऑफ इन्क्वायरीपुढे, म्हणजे लष्करी चौकशी मंडळापुढे उभा राहतो, तेव्हा आर्मी रूल्स १९५४ मधला नियम १८० त्याच्या बाजूने असतो. चारित्र्याला किंवा लष्करी नावलौकिकाला बाधा येणार असेल, तर चौकशीत सुरुवातीपासून शेवटपर्यंत हजर राहण्याची पूर्ण संधी त्याला मिळायला हवी. साक्षीदारांची उलटतपासणी घेण्याची आणि स्वतःचे साक्षीदार आणण्याची मुभा त्याला मिळायला हवी. प्रतापसिंह महाराज जे मागत होते, ते जवळपास हेच. हुद्द्याच्या धाकाने हा नियम गुंडाळला जातो तेव्हा कोर्टांनी हस्तक्षेप केलेला आहे, बड्या अधिकाऱ्यांच्या प्रकरणांतही. दाद मागायला २००९ पासून सशस्त्र दल न्यायाधिकरण आहे आणि त्याचे एक खंडपीठ मुंबईत आहे. रंगो बापूजींना त्यासाठी सात समुद्र ओलांडावे लागले होते, आणि तिथेही त्यांच्या धन्याला खुली सुनावणी मिळाली नाही.