वाळवंटातील हिरवे पाणी

आपल्या धर्मग्रामांतील कित्येक घरांची चूल आखाती देशांतील पगारावर पेटत आली आहे. त्या देशांविषयी आपण चौकशी करतो ती पगाराची, व्हिसाची आणि फार तर उन्हाळ्याची. तेथील एका आगळ्या शेतीने मात्र आम्हांस विचारात पाडले आहे.

कतार विद्यापीठात, तसेच सौदी अरेबियात तांबड्या समुद्राकाठी थुवल येथील विद्यापीठात, खाऱ्या पाण्यात सूक्ष्म शैवाल वाढविण्याचे प्रयोग झाले आहेत. एक हेतू माशांच्या खाद्याचा. पाळीव माशांच्या खाद्यात समुद्रातील लहान माशांची पूड व तेल घालतात. अन्न व कृषी संघटनेच्या हिशेबाप्रमाणे २०२० साली सुमारे १ कोटी ६० लाख टन मासळी या कामी गेली. सेनेगल, मॉरिटानिया या देशांत तारलीच्या जातीची मासळी हेच गरिबांचे कालवण. तीही या गिरण्यांत जाते. श्रीमंताच्या माशाने गरिबाचा मासा खावा, हे कोणत्या न्यायात बसते?

आणि ज्या ओमेगा-३ स्निग्धांशासाठी हा खटाटोप, तो मासा स्वतः फारसा बनवीतच नाही. तो मुळात शैवालात तयार होतो व एकाने दुसऱ्यास गिळत वर चढतो. मग मधली तारली वगळून शैवालच का चारू नये? वाळवंटात ऊन फुकट, जमीन ओसाड, समुद्र शेजारी.

परंतु ऊन फुकट नसते. समजा, वीस सेंटिमीटर खोल कुंडातून रोज एक सेंटिमीटर पाणी उडाले. तूट समुद्राच्या पाण्याने भरली, तर वीस दिवसांत कुंडातील मीठ दुप्पट होते. गोड्या पाण्याने भरावी, तर तेथे नदी नाही. गोडे पाणी म्हणजे इंधन जाळून निक्षारित केलेले पाणी, आणि त्याचा उरलेला तीव्र खारटपणा पुन्हा समुद्राच्याच पदरी. बंद नळ्यांत वाढवावे, तर नळ्या तापतात. त्यांना थंड करण्यास वीज हवी. तारली वाचविताना आपण दुसरेच काही जाळत तर नाही?

कतारच्या संशोधकांनी धरलेली एक वाट आम्हांस अधिक प्रामाणिक वाटते. त्यांनी त्याच भूमीत टेट्रासेल्मिस, पिकोक्लोरम यांचे उष्णता सोसणारे वाण शोधले. परक्या वाणासाठी वाळवंट थंड करीत बसण्यापेक्षा तेथल्याच जीवाला हाताशी धरणे बरे. (नव्या ठिकाणी बदली झालेल्या पाद्र्यालाही हे उमगायला वर्षे लागतात!)

तरी हिशेब पुरा होत नाही. लिटरभर हिरव्या पाण्यात शैवाल जेमतेम ग्रॅमभर. ते वेगळे काढून सुकविण्यातच बराच खर्च. माशांच्या पुडीशी किमतीत त्याला अजून टक्कर देता आलेली नाही. म्हणून असले शैवाल आज प्रामुख्याने मत्स्यबीज केंद्रांत, पिल्लांच्या पहिल्या घासासाठी वापरले जाते. पिल्ले मोठी झाली की त्यांच्या खाद्यात पुन्हा माशांची पूड येते, आणि सेनेगलच्या बाजारात तारली घेणारी बाई गिरणीच्या दराशी घासाघीस करीत राहते.