दान नव्हे, देणे

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपाने आमच्या जिल्ह्यातले सास्तूर कोसळले, तेव्हा मी शाळकरी पोर होतो. परमुलखांतून मदत आली. कुणी शब्द दिलेला नसताना आली. तिला दया म्हणावे. २००५ साली ग्लेनईगल्सला बड्या आठ राष्ट्रांनी मात्र शब्दच दिला: आफ्रिकेची वार्षिक मदत २०१० पर्यंत २५ अब्ज डॉलरांनी वाढवू. मुदत सरली, रक्कम बरीच अपुरी राहिली. आता असे पाहा, शब्द दिला की दान संपते आणि देणे सुरू होते. मग तगादा लावणाऱ्यास याचक का म्हणावे? अडचण एवढीच, की ज्याचे येणे आहे तो देणेकऱ्याच्या दाराशी पोचत नाही. तिथे मत चालते ते घरच्यांचे. परिषदेआधी एडिंबरात दोन लाखांवर माणसे शब्द मागावयास चालली. वसुलीला तेवढी पुन्हा जमली नाहीत. आणि परक्यांच्या मदतीवर उभ्या राहिलेल्या मुलखातला मी? मी तरी कुठे एखादे कार्ड टाकले?