हुकूमशहाला हसायचं, मग आपल्या पुढाऱ्याला?



एक सवाल गेले कैक दिवस डोक्यात घोळतोय. जुलूम करणाऱ्याला हसावं का?

आपल्या बैठकीत कुणी चेष्टा केली की लगेच एखादा म्हणतो, 'हसण्यावारी नेऊ नका, माणसं मरतायत.' त्याचं खोटं नाही. २००६ सालची खैरलांजी आठवली की ओठ शिवले जातात. पण दुसरी बाजूही बघा. ज्याच्यापुढं आपला बाप हात जोडून उभा राहिला, त्याच्यावर नुसतं चिडून भागत नाही. चिडलेला माणूससुद्धा मनातनं त्याला मोठाच समजत असतो. हसणारा त्याला लहान करून टाकतो. म्हणून मी म्हणतो, हा प्रश्न करमणुकीचा नाही, नीतीचा आहे. कुणी कुणाला हसायचं, कधी हसायचं, आणि हसून झाल्यावर काय करायचं?

चार्ली चॅप्लिनचा 'द ग्रेट डिक्टेटर' १९४० सालचा. तेव्हा हिटलर जिवंत होता, जिंकत होता आणि अमेरिका अजून लढाईत उतरलेली नव्हती. चॅप्लिन आणि हिटलर दोघंही १८८९ च्या एप्रिलमधले, चार दिवसांच्या अंतरानं जन्मलेले. लंडनच्या दारिद्र्यात, गरिबांना डांबून राबवणाऱ्या वर्कहाऊसमध्ये बालपणाचे दिवस काढलेल्या ह्या माणसानं एकाच तोंडानं दोन माणसं उभी केली. एक ज्यू न्हावी आणि एक हुकूमशहा हिंकेल. तोंड तेच. फरक फक्त वर्दीचा, आणि भोवती हात वर करून जयजयकार करणाऱ्यांचा.

सिनेमाचा खरा घाव मला इथं वाटतो. हिंकेलला राक्षस म्हटलं की आपण सुटलो, कारण राक्षसाला मारायला अवतार लागतो. वर्दी उतरवायला साधा माणूस पुरतो. त्यातला खुर्चीचा प्रसंग बघा. दुसरा हुकूमशहा नापालोनी पाहुणा म्हणून येतो. दोघं न्हाव्याच्या खुर्च्यांवर शेजारी शेजारी बसतात आणि आपण वर दिसावं म्हणून आपापली खुर्ची उंच उंच करत नेतात. जातीची उंची तरी दुसरी कसली आहे? ती हाडात नसते, खुर्चीत असते. आणि खुर्ची तोलून धरणारे खाली आपण असतो.

मागं जयंतीच्या आठवड्यात आमच्या वस्तीतल्या विहारात भिंतीला चादर लावून हा सिनेमा दाखवला. पोरं पोट धरून हसली. मधेच एक म्हातारी आक्का बोलली, 'लेकरानू, त्यो न्हावी लई चांगला हाय. पर आपल्या गावात असता तर त्येनं आपलं डोस्कं भादरलं असतं का?' हसू जागच्या जागी थांबलं. साताऱ्यात न्हावी नव्हते असं नाही, तरी लहानग्या भीमरावाचे केस थोरली बहीण कापायची. आक्कानं जे विचारलं ते मोठमोठ्या समीक्षकांना सुचत नाही. तिकडं जुलूम सोसणारा न्हावी आहे. इकडं तोच न्हावी आपल्यापेक्षा एक पायरी वर बसलाय. बाबासाहेबांनी श्रेणीबद्ध विषमता म्हटली ती हीच. आपल्याकडं हुकूमशाही एकाच माणसाच्या हातात कधी नव्हती. ती वाटून दिलीय, ज्याला त्याला खालच्यावर गाजवायला थोडी थोडी. म्हणून आपल्याकडं हसणं वर चाललंय का खाली, हे आधी तपासावं लागतं.

तमाशातला सोंगाड्या घ्या. महार-मांगांच्या फडांनी पिढ्यान्‌पिढ्या राजाची, प्रधानाची, पाटलाची टर उडवली. पाटील पुढं बसून हसायचा, वर दौलतजादा करायचा. सकाळी तोच सोंगाड्या त्याच पाटलाच्या दारात भाकरीला उभा. रात्रीपुरती परवानगी मिळालेलं हसणं मालकाला परवडतं. म्हणून १९३० च्या दशकात भीमराव कर्डकांसारख्यांनी आंबेडकरी जलसा उभा केला तेव्हा नुसती टर उडवून भागलं नाही. हसवता हसवता त्यांनी सवाल टाकला, आणि सवालाच्या मागं संघटना होती. तमाशाला पाटलाची बिदागी लागायची. जलशाच्या पाठीशी चळवळ होती. फरक एवढाच, पण केवढा!

आता आपलं कोल्हापूर. १९३८ साली इथल्या हंस पिक्चर्सनं मास्टर विनायकांचा 'ब्रह्मचारी' काढला, लेखणी अत्र्यांची. औदुंबर नावाचा साधा पोरगा देशभक्ताचं भाषण ऐकतो, खोलीतली नट्यांची चित्रं फेकून देतो, दंडबैठका काढतो आणि एका आचार्याच्या आश्रमात भरती होतो. पुढं एक बाई दिसते आणि सगळा निग्रह ढासळतो. युरोपात पोरं रांगेत उभी राहून एका आवाजात सलाम ठोकत होती, त्याच सालात कोल्हापुरात रांगेतल्या पोराला कुणीतरी हसलं, हे मी कमी समजत नाही. पण आपण आपला हिशोब मांडायचाच. त्या हसण्याचं लक्ष्य ब्रह्मचर्य होतं, जात नव्हती. आणि नंतरच्या कित्येक मराठी सिनेमांत हसायला ठेवलेला माणूस कोण? घरगडी, बोबडा, खेडवळ भाषेचा, फाटक्या कापडाचा. मालकाच्या वर्दीऐवजी नोकराच्या ठिगळाला हसणं चालू झालं. त्याला मी विनोद म्हणत नाही. ती हुकूमशाहीचीच चाकरी.

कुणी म्हणेल, हसणं म्हणजे नुसती वाफ सोडणं. तसं असतं तर सत्तेनं सिनेमे जाळले नसते. अमृत नहाटांचा 'किस्सा कुर्सी का' आणीबाणीत जप्त झाला आणि त्याची रिळं गुडगावच्या मारुती कारखान्यात जाळली गेली. खालच्या कोर्टानं १९७९ साली संजय गांधी आणि विद्याचरण शुक्लांना त्यात शिक्षा सुनावली, पुढं सुप्रीम कोर्टानं ती रद्द केली. आणीबाणीनंतर नहाटांनी तो सिनेमा पुन्हा काढला. त्यात मुक्या बाईचं नाव जनता आहे. पण हेही खरं की आणीबाणीवाल्यांना खुर्चीवरनं खाली ओढलं ते १९७७ च्या मतपेटीनं. हसण्यानं भीती जाते. भीती गेल्यावरचं काम आपल्यालाच करावं लागतं.

हसण्याला मर्यादाही आहे. चॅप्लिननं १९६४ च्या आत्मचरित्रात सांगितलंय की छळछावण्यांतलं खरं भयंकर तेव्हा ठाऊक असतं तर हा सिनेमा आपण करू शकलो नसतो. मला त्यातनं एवढं कळतं: खुर्चीवरच्याला हसावं, चितेवरच्याला कधीच नाही. खैरलांजीवर विनोद होत नाही. खैरलांजीनंतर घाईघाईनं सांत्वनाला येऊन कॅमेऱ्याकडं तोंड करून उभा राहणारा कुठल्याही पक्षाचा पुढारी असेल, तर त्याच्यावर होतो.

आणि आता अवघड जागी येतो. आपल्या पुढाऱ्यांचं काय?

२५ नोव्हेंबर १९४९ ला बाबासाहेबांनी संविधान सभेत बजावलं होतं की राजकारणातली भक्ती अधोगतीकडं आणि शेवटी हुकूमशाहीकडं नेते. पुढच्याच वर्षी, ते हयात असताना, आपल्या बिंदू चौकात त्यांचा पुतळा उभा राहिला. त्याच पुतळ्यापुढं आज एकेका गटाचा वेगळा हार, वेगळा फलक, फलकावर बाबासाहेबांपेक्षा मोठं पुढाऱ्याचं तोंड. व्यासपीठावर मधली खुर्ची कुणाची यावरनं अर्धा अर्धा तास खोळंबलेल्या सभा मी बघितल्यात. हिंकेल आणि नापालोनी आपल्यातही आहेत, बाबांनो! आणि आपण काय करतो? चहाच्या टपरीवर नक्कल करून हसतो, समोर आले की वाकतो. लपून हसणं ही भीतीच आहे, दात दाखवणारी.

'शत्रूच्या हातात कोलीत कशाला द्यायचं?' असं विचारणारे आहेत. विचार करण्यासारखं आहे. बाहेरचा माणूस आपल्या पुढाऱ्याला हसतो तेव्हा बहुतेक वेळा त्याच्या जातीला, रंगाला, बोलण्याला हसतो. तिथं आपण पुढाऱ्याच्या बाजूनं उभं राहायचं, मतभेद असले तरी. पण म्हणून घरातलं हसणं बंद केलं तर पुढारी बघता बघता देव होतो, आणि देवाला जाब विचारता येत नाही. घरातल्या एका सोंगानं मोडेल अशी चळवळ असेल, तर ती आधीच मोडलेली आहे.

ग्रेट डिक्टेटरच्या शेवटी हसणं थांबतं. न्हाव्याला चुकून हुकूमशहा समजतात, माईकपुढं उभं करतात, आणि तो भिडत भिडत माणुसकीचं बोलू लागतो. काहींना हा शेवट भाषणबाजी वाटतो. मला तो बरोबर वाटतो. चेष्टेनं जागा मोकळी केली. तिथं काय बोलायचं ते ठरलेलं पाहिजे.

तेव्हा येत्या जयंतीला एवढं करू या. मधली खुर्ची काढायची. पुढाऱ्यांना आक्कांच्या शेजारी सतरंजीवर बसवायचं. आणि वस्तीतल्या पोरांनी त्यांच्यासमोर दहा मिनिटांचं सोंग करायचं, विषय खुर्ची. कुणाच्या जातीवर, अंगावर, गरिबीवर एक शब्द नाही. मग पुढाऱ्यांकडं बघायचं. जो मोकळेपणानं हसेल, त्याच्याबरोबर उद्याच्या मोर्चाचं बोलायला बसू.